स्किन प्रिक टेस्ट: सुया थोड्या, प्रश्न फार

ॲलर्जीची चाचणी करून घ्यावी का, असं मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा लिहूनच टाकते. क्लिनिकमध्ये जाऊन केलेल्या स्किन प्रिक टेस्टला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. त्याआधी घरपोच आलेल्या, बोट टोचून रक्ताचा थेंब पाठवायच्या किटला शून्य, तेसुद्धा शून्याच्या खाली देता येत नाही म्हणून. जाहिरातीत दोन्ही ‘ॲलर्जी टेस्ट’ म्हणूनच खपतात, त्यामुळे फरक जरा ऐसपैस सांगते.

मी डबिंग आणि निवेदन करते. पोट आवाजावर आहे. कित्येक वर्षं सकाळी डोळे उघडले की सटासट शिंका, मग पाण्यासारखं वाहणारं नाक, टाळूला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना खाज, आणि शेवटी दोन्ही नाकपुड्या ठार बंद. नाक बंद असलं की ‘म’चा ‘ब’ होतो आणि ‘न’चा ‘ड’. गप्पांत कुणाच्या लक्षात येत नाही, पण मायक्रोफोन सोडत नाही. संहितेत ‘माझं मन’ लिहिलेलं असतं आणि हेडफोनमध्ये ‘बाझं बड’ ऐकू येतं. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून नुसता हात वर करतो. परत घ्या.

या आजारात आजूबाजूचा प्रत्येक जण डॉक्टर असतो. कुणी म्हणे थंड पाणी, कुणी म्हणे हवा, कुणी म्हणे तुझी प्रतिकारशक्तीच कमी. हे शेवटचं तर अगदीच उलटं. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती कमी नसते, नको तिथे उत्साही असते: निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजते, आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करते, ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात, आणि तीच गोष्ट पुन्हा आली की त्या पेशी हिस्टामाइन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडतात. पुढचं नाकाला माहीत आहे. आमच्या रेकॉर्डिस्टचं निदान मात्र ठाम होतं: बूथमधलं जाजम.

क्लिनिकमध्ये पहिल्या भेटीत मला कुणी टोचलंच नाही. डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढला आणि विचारायला सुरुवात केली. शिंका कधी, उठल्यावर की बाहेर पडल्यावर? वर्षभर की ठरावीक महिन्यांतच? प्रवासात दुसऱ्या गादीवर झोपलात की कमी होतात का वाढतात? स्राव पातळ की घट्ट, पिवळा? खाज येते का नुसतंच दुखतं? एकच नाकपुडी बंद होते का? (सतत एकच बाजू बंद असेल, त्या बाजूने रक्त येत असेल तर ॲलर्जीच्या मागे न लागता आधी नाक नीट तपासून घ्यायचं असतं, हे मला तेव्हा कळलं.) रात्री खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज? घरात कुणाला दमा, इसब? आत्तापर्यंत कोणकोणती औषधं घेतलीत, आणि कशाने खरंच फरक पडला?

मी जाजमाचा विषय काढला. 

“बूथमध्ये शिरल्यावर वाढतं का?”

“नाही. उलट दुपारच्या रेकॉर्डिंगपर्यंत नाक बऱ्यापैकी सुटलेलं असतं.”

“मग जाजमाला सोडा. आपण तुमच्या गादीबद्दल बोलू.”

मी दिलेल्या गुणांतले निम्मे इथेच दिले. चाचणीच्या आधी त्यांच्याकडे एक संशयित होता, आणि चाचणी त्या संशयितासाठी होती. नाकात दिवा टाकून बघितलं (आतली सूज फिकट, निळसर दिसत होती म्हणे), आणि एका नळीत जोरात फुंकायला लावून फुप्फुसंही तपासली, कारण नाकाच्या ॲलर्जीबरोबर दमा असण्याची शक्यता बरीच असते आणि तो राहून गेला तर महागात पडतो.

आता कापलेला अर्धा गुण. चाचणीआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, कारण तिच्यातलं अँटिहिस्टामाइन अंगात असेल तर त्वचा उत्तरच देत नाही. सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ औषधांत हाच घटक असतो, काही मानसोपचाराच्या औषधांचाही असा परिणाम होतो. म्हणून चालू असलेली सगळी औषधं आधी सांगायची, आणि काय थांबवायचं ते त्यांनीच ठरवायचं. स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे चालू ठेवला तरी चालतो. पण गोळीविना तो आठवडा म्हणजे शिक्षा आहे. महत्त्वाचं काम असेल तर तारीख पुढे घ्या. क्लिनिकने हे तारीख देतानाच फोनवर सांगायला हवं होतं. मला समोर बसल्यावर सांगितलं आणि एक हातातलं काम दुसऱ्या आवाजाकडे गेलं.

चाचणी दिसायला अगदीच साधी. सिस्टरांनी कोपरापासून मनगटापर्यंत आतली बाजू पुसली, पेनाने आकडे टाकले, दोन आकड्यांत दोन सेंटीमीटर तरी अंतर. प्रत्येक आकड्याशेजारी एकेका अर्काचा थेंब: गादी-उशीच्या धुळीतल्या माइट नावाच्या सूक्ष्म जीवाच्या दोन जाती, झुरळ, बुरशी, गवताचे आणि झाडांचे परागकण, मांजर, कुत्रा. शिवाय दोन थेंब ॲलर्जीचे नव्हेतच. एक शुद्ध हिस्टामाइन, जो प्रत्येकालाच उठायला हवा. एक नुसता द्रव, जो कुणालाच उठता कामा नये. पहिला उठला नाही तर अंगात अजून गोळी आहे. दुसरा उठला तर त्वचा नुसत्या टोचण्यालाच चिडतेय. या दोन थेंबांशिवाय कुणी चाचणी करत असेल तर उठून घरी जावं. मग प्रत्येक थेंबातून एक बारीक टोक आत जातं, जेमतेम एक मिलिमीटर, दर थेंबाला नवं. रक्त येत नाही. दुखतं म्हणणं अतिशयोक्ती होईल.

खरी परीक्षा पुढची पंधरा-वीस मिनिटं. खाजवायचं नाही. आधी हिस्टामाइन जागं झालं, आणि मग माइटच्या थेंबाखाली जे सुरू झालं त्याचं वर्णन करायला माझा आवाज पुरणार नाही. भोवती लाल पट्टा, मध्ये फिकट, फुगलेली गांध, आणि तिच्या कडा गोल न राहता बाजूला पाय फुटल्यासारख्या पसरत चाललेल्या. परागकणांच्या रांगेत चिटपाखरू नाही. वेळ झाल्यावर सिस्टरांनी प्रत्येक गांधेच्या कडेने पेन फिरवलं, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबली आणि ती उचलून कागदावर लावली. माझ्या हातावरचा नकाशा जसाच्या तसा फाइलमध्ये गेला. मोजमाप त्या कागदावर, मिलिमीटरच्या पट्टीने. नुसत्या द्रवाच्या खुणेपेक्षा गांध किमान तीन मिलिमीटर मोठी असेल तर ती चाचणी होकारार्थी धरतात. तासाभरात हात पुन्हा होता तसा.

या पद्धतीचा मूळपुरुष चार्ल्स ब्लॅक्ली हा मँचेस्टरचा डॉक्टर. त्याला स्वतःला परागकणांचा त्रास होता. त्याने स्वतःचंच कातडं खरवडून त्यावर पराग लावून बघितले आणि १८७३ साली ते सगळं छापलं. स्वतःवर प्रयोग करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, पण पंधरा मिनिटं न खाजवता तो कसा बसला असेल हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

आता निकाल. माइट जोरदार. झुरळ मध्यम. बाकी काही नाही. यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, “कोळंबी खाता?”

“आवडीने.”

“खाल्ल्यावर तोंडाला खाज, अंगावर पित्त, काही?”

“कधीच नाही.”

“मग खात राहा.”

कारण असं की माइट, झुरळ आणि कोळंबी या तिघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं एकमेकांशी मिळतंजुळतं प्रथिन असतं. एकाविरुद्ध तयार झालेली आयजीई दुसऱ्यालाही ओळखू शकते. त्यामुळे अशा माणसाची कोळंबीची चाचणी केली तर ती होकारार्थी येऊ शकते, आणि तरीही माणूस कोळंबी खाऊन मजेत असतो. शरीराने एखादी गोष्ट ओळखणं वेगळं आणि तिचा त्रास होणं वेगळं. गांधेचा आकारही त्रास किती होईल ते सांगत नाही, ॲलर्जी असण्याची शक्यता किती तेवढंच सांगतो. म्हणूनच त्यांनी कोळंबीचा थेंब टाकलाच नव्हता. विचारून काम भागत असेल तर चाचणी कशाला? खाण्याच्या ॲलर्जीची खरी खात्री करायची असेल तर तो पदार्थ डॉक्टरांसमोर, सगळी तयारी ठेवून, थोडा थोडा वाढवत खाऊन बघणं हाच सर्वांत पक्का मार्ग आहे. घरी करायचा उद्योग नव्हे.

आणि आता किट. ताईने कौतुकाने पाठवलं होतं. “सारखी शिंकत असतेस, काय चालत नाही ते एकदा कळू तरी दे!” कंपनीचं नाव घेत नाही, तसली किटं पुष्कळ आहेत. अहवाल काय देखणा! जाड कागद, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या. लाल रंगात गहू, दूध, अंडं, बदाम. म्हणजे थोडक्यात माझा सकाळचा नाश्ता. शेवटच्या पानावर, भिंग लागेल अशा अक्षरात: हा अहवाल निदानासाठी नाही. मग कशासाठी, फ्रेम करायला?

त्या चाचणीत मोजतात ती आयजीजी नावाची वेगळी प्रतिपिंडं, आयजीई नव्हेत. आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी तयार होणं ही निरोगी माणसाचीही नित्याची गोष्ट आहे. शरीराची त्या पदार्थाशी ओळख आहे, एवढाच त्याचा अर्थ. गंमत म्हणजे ॲलर्जीवर लस घेणाऱ्यांमध्ये, त्रास कमी होत असताना, आयजीजीचा आयजीजी४ हा प्रकार वाढतो. युरोपच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ सालीच सांगितलं की खाण्याच्या ॲलर्जीसाठी किंवा पदार्थ सोसत नाही हे ठरवण्यासाठी ही चाचणी वापरू नका. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या संघटनांचंही मत तेच. मला सर्वांत जास्त चीड कशाची आली तर किटच्या अर्जाची. नाव, वय, अहवाल पाठवायचा पत्ता. शिंका सकाळी येतात की रात्री, हे विचारायला एक ओळ नव्हती. नाश्त्याच्या आधी, बिछान्यात येणाऱ्या शिंकांचं खापर त्यांनी नाश्त्यावर फोडलं.

मोठ्या माणसाने महिनाभर गहू सोडला तर फार तर चिडचिड होईल. लहान मुलांच्या बाबतीत हे अंगाशी येतं. वाढीच्या वयात दूध-अंडी उगाच बंद होतात, आणि काही वेळा पदार्थ टाळल्यानेच ॲलर्जीला वाट मिळते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोखीम जास्त असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ लवकर सुरू केले आणि निम्म्यांना ते टाळायला सांगितले. पाचव्या वर्षी शेंगदाणे टाळणाऱ्यांत त्यांची ॲलर्जी १७ टक्क्यांच्या आसपास, खाणाऱ्यांत तीन टक्क्यांच्या आसपास. रंगीत पट्ट्या बघून मुलाचं ताट ठरवणाऱ्यांनी हे दोन आकडे जरूर वाचावेत. (त्या बाळांची आधी तपासणी झाली होती, इसब असलेल्या बाळाला स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच नको, घशात अडकतो.)

रक्ताची सगळीच चाचणी वाईट असं मात्र नाही. विशिष्ट आयजीई मोजणारी चाचणी चांगली आहे. ज्यांना गोळी थांबवता येत नाही, हातभर इसब आहे, किंवा नुसतं नख ओढलं तरी वळ उठतो, त्यांना तीच करायला सांगतात. तिथेही ०.३५ या नेहमीच्या मर्यादेच्या वर आकडा आला की लगेच ॲलर्जी झाली असं नसतं. ‘खाल्ल्यावर काय होतं’ हा प्रश्न तिलाही लागतोच.

उपचारांबद्दल. मी इतकी वर्षं गोळीवर काढली. जुन्या पिढीच्या गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि माणूस पेंगतो. मी एकदा वाक्याच्या मध्येच हरवले होते. नव्या गोळ्या त्या मानाने बऱ्या. पण गोळी शिंका आणि खाज आवरते, चोंदलेलं नाक तितकंसं सोडवत नाही. त्यावर सर्वांत चांगलं काम करतो स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे. नावाला घाबरू नका, मात्रा अगदी थोडी असते आणि बरीचशी नाकातच राहते. पण हा स्प्रे फुकट घालवणारे लोक मी रोज बघते. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेर, त्याच बाजूच्या डोळ्याच्या दिशेने. मग जोरात ओढायचं नाही. घशात कडू लागलं तर औषध गिळलंत. सिस्टरांनी मला रिकाम्या बाटलीवर दोनदा करून दाखवायला लावलं. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागू शकतात, त्यामुळे पहिल्याच रात्री ‘काही उपयोग नाही’ असं ठरवू नये. नाक क्षणात मोकळं करणारे थेंब मिळतात, ते वेगळे. तीन-पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक त्यांच्याशिवाय उघडायलाच नकार देतं.

गादीचं काय? माइट म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आठ पायांचा जीव, आपल्या अंगावरून गळलेल्या कातड्यावर जगतो आणि दमट हवेत फोफावतो. त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात, खोलीतला दमटपणा ५० टक्क्यांखाली, उशा-गादीला माइट आरपार न जाणारे अभ्रे. हे अभ्रे विकणारे जेवढं सांगतात तेवढा भरवसा मी देणार नाही. २००३ साली दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले, एक दम्याचा, एक नाकाच्या ॲलर्जीचा. नुसते अभ्रे घालून रुग्णांच्या त्रासात फरक पडला नाही. मी सगळंच एकत्र करते, त्यामुळे सकाळ सुधारली त्याचं श्रेय कुणाला ते मलाही सांगता येणार नाही. माझा संशय स्प्रेवर.

लसीचा, म्हणजे इम्युनोथेरपीचा पर्याय त्यांनी पुढे ठेवला, गळ्यात मारला नाही, याचेही गुण. ज्याची ॲलर्जी त्याचाच अर्क, वाढत्या मात्रेत, इंजेक्शनने किंवा जिभेखाली. १९११ साली लंडनच्या लिओनार्ड नूनने गवताच्या परागांवर हे केलं. त्याला वाटत होतं परागांत विष असतं आणि आपण त्याविरुद्ध लस टोचतोय. समजूत चुकीची निघाली, उपचार टिकला. आजारामागचं कारणच बदलण्याच्या जवळ जाणारा हा एकमेव उपाय, पण तीन ते पाच वर्षं चिकाटी हवी, आणि इंजेक्शननंतर दर वेळी अर्धा तास तिथेच थांबावं लागतं. मी स्प्रेवर भागतंय तोवर थांबलेय. घ्यायची वेळ आलीच तर नेमका माइटच निवडता येईल, हे चाचणीमुळे.

क्लिनिक निवडताना एक गोष्ट बघा: चाचणीच्या खोलीत ॲड्रेनालिन हाताशी आहे का. माझ्या वेळी सिस्टरांच्या ट्रेमध्येच होतं. स्किन प्रिकमध्ये अंगभर प्रतिक्रिया येणं फार दुर्मीळ, पण आली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत दिलेलं ॲड्रेनालिनच पहिलं औषध. ॲलर्जीची गोळी त्याच्या जागी चालत नाही. कुणाला खाण्याने किंवा मधमाशी चावल्याने श्वास लागला असेल, घसा सुजला असेल, भोवळ आली असेल, तर त्यांनी माझा अभिप्राय वाचत न बसता तज्ज्ञाकडे जावं.

केस रंगवल्यावर टाळूला किंवा कानातल्यांनी पाळीला पुरळ येत असेल तर ही चाचणी तुमची नव्हे. तो प्रकार आयजीईचा नाहीच. त्याला पाठीवर पट्ट्या चिकटवून करायची पॅच टेस्ट लागते. पट्ट्या ४८ तास ठेवायच्या, पाठ भिजवायची नाही, आणि काढल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला जायचं. माझ्या मैत्रिणीने भर उन्हाळ्यात केली. तिचा अभिप्राय तिच्याच शब्दांत इथे लिहिण्यासारखा नाही, पण निकेल सापडलं आणि कानातली बदलली.